सेनापतीचा पलंग

भवानी पेठेतल्या हौशी नाटक मंडळीकडे तलवारी होत्या, मुकुट होते, दाढ्या तर साऱ्या दरबाराला पुरून उरतील इतक्या होत्या. पलंग तेवढा नव्हता. लागेल ते सामान ज्याच्या त्याच्या घरून आणायची त्यांची रीत. म्हणून रविवारच्या दुपारच्या खेळासाठी गुरुसिद्धप्पाने आपल्या लग्नातला पलंग हातगाडीवर चढवायला काढला आणि रत्नम्माचं डोकं फिरलं.

नाटक शोकान्त होतं. संशयाने आंधळा झालेला सेनापती आपल्या निष्पाप बायकोचा, कनकलतेचा, उशीने जीव घेतो. सेनापती गुरुसिद्धप्पा, एरवी कापडदुकानात गिऱ्हाइकाशी घासाघीस करतानाही आवाज न चढवणारा. कनकलता म्हणजे गल्लीतला तिप्पण्णा शिंपी.

"पलंग माझ्या बापानं दिलाय," रत्नम्मा दारात उभी ठाकली. "त्याच्यावर तिप्पण्णा लोळणार व्हय?"

"लोळणार न्हाय. मरणार हाय."

"मरायच्या आधी तुमी त्याला कसल्या आवाजात बोलता, ऐकलंय मी."

ऐकलं होतं खरंच. किती दिवस तो दुकानामागच्या खोलीत दार लावून, पुढ्यात तिचीच उशी घेऊन तालीम करत होता. बाहेर शब्द कळत नसत, पण आवाज कळे. असा ओला आवाज लग्न झाल्यापासून तिच्या वाट्याला आला नव्हता. तिला हाक म्हणजे "अगं ए", नाहीतर नुसतं खाकरणं. थोरामोठ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही घरची शिस्त. गुरुसिद्धप्पाने ती एकांतातही पाळली होती. आणि त्या मिशा उतरवलेल्या शिंप्याला मात्र एवढी माया!

"न्या पलंग," ती शेवटी बाजूला झाली. "पण परत आणल्यावर मला त्याच्यावर झोप म्हणू नका. मी अत्तींच्या खोलीत पडेन."

अत्ती, म्हणजे तिची सासू शरणम्मा, थिएटरात बायकांच्या गॅलरीत तिच्या शेजारीच बसली होती. खाली पडदा वर गेला. तिप्पण्णा पलंगावर निजला. आणि निजताना मेल्याने पदर असा काही सावरला की गॅलरीतल्या बायकांनाही तो तसा जमला नसता. रत्नम्माने दात आवळले.

सेनापती तीच तालमीतली उशी घेऊन आला.

"तुझ्यावाचून मला घर नाही," तो म्हणाला. तोच तो दाराआडचा आवाज. "आणि तू असताना मला शांती नाही. ऊठ, एकदा माझ्याकडे बघ... रत्ना!"

विंगेत पोथी घेऊन बसलेला रामहरी दबक्या आवाजात ओरडला, "कनकलता! अहो, कनकलता!"

"रत्ना," सेनापतीला हुंदका आवरेना. "माझी रत्ना गं!"

मरायला टेकलेल्या तिप्पण्णाने एक डोळा उघडला. "शेट, मी कनकलता की."

खाली पिटात हास्याचा स्फोट झाला. "सेनापती, वैनीला मारू नका ओ!" कुणीतरी ओरडलं. मग "वन्स मोअर"चा एकच गजर उठला.

"अय्यो शिवा!" शरणम्माने कपाळाला हात लावला. "सगळ्या पेठेसमोर बायकोचं नाव! लाज कुटं ठेवली ह्यानं?"

साऱ्या गॅलरीने माना वळवल्या. रत्नम्माने पदर तोंडाशी धरला. ती रडतेय असं बायकांना वाटलं. ती मात्र बंद दाराआडच्या त्या उशीचा विचार करत होती. इतके दिवस उशीला तो कुणाच्या नावाने हाका मारत होता, ते आता कळलं होतं.

लोकाग्रहास्तव तिप्पण्णा पुन्हा मेला. नाव पुन्हा रत्नाच पडलं.

दिवेलागणीला पलंग घरी आला. उशीवर तिप्पण्णाची पांढरी पावडर सांडली होती. रत्नम्माने ती अंगणात नेऊन झटकली, नवा अभ्रा घातला आणि पलंगावर आपल्या जागी ठेवली. पुढे थेट शेवटच्या दुखण्यापर्यंत तिने दुसरी उशी घेतली नाही.

गुरुसिद्धप्पा चोरासारखा उंबऱ्यात उभा होता. रंग नीट न निघाल्याने भुवया अजून सेनापतीच्याच होत्या.

"नाटक मंडळी लई चिडलीय," तो म्हणाला. "पण लोकास्नी पायजे म्हणून पुढच्या रविवारी परत खेळ लावलाय. पलंग... देशील?"

"न्या की." तिने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. "पण त्या कनकलतेचं नाव पाठ करत बसू नका."