उंबऱ्यावर राहिलेलं नाव

"नाव घे गं नवरी, मगच आत ये!"

लग्नादिवशी नणंदेनं, दगडाबाईनं, दार अडवून घातलेली ही हाक अंबिकेच्या कानात अजून होती. तेव्हा ती लाजेनं मुकीच झाली. शेवटी सासूनं हाताला धरून उंबरा ओलांडवला. नवऱ्याचं नाव मात्र उंबऱ्याबाहेरच राहिलं. ते तिच्या ओठावर कधीच आलं नाही.

आज त्याच उंबऱ्यावर ती मोठा फोन घेऊन बसली होती. शेजारी सहावीतली भक्ती. नवरा सकाळीच चारठाण्याहून सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला होता. जाताना लेकीला म्हणाला, "तुजे धडे मोठ्या फोनवर येतेत, कबूल. पर तू शाळंत असताना काही झालं, तर तुज्या मायला मला फोन तरी लावता येतो का? बटणाच्या फोनवर दोन दाबलं की लागतो, तेवढं जमतं तिला. आज सांजेपर्यंत मोठ्यावरून तिनं स्वतः लावला तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर उद्या मी मोठा नेतो, बटणाचा घरी ठेवतो."

"वाचायचं न्हाई माय, नुसतं बोलायचं," भक्तीनं माईकची खूण दाखवली.

अंबिका पुढं वाकली. "चिमणीला सपान पडतं का?"

फोनमधली बाई म्हणाली, पडत असावं.

"आगं, बोलली की! बरं, पऱ्हाटीचं पांढरं फूल दुसऱ्या दिशी गुलाबी का हुतं?"

बाईनं तेही सांगितलं. अंबिका विचारतच राहिली. ऊन भिंतीवरून उतरलं.

"माय, सांज व्हायलीय. बाबाला लाव आता."

"भक्तीच्या बापाला लाव."

सापडलं नाही, बाई म्हणाली.

"त्याहिला लाव. आमच्या घरधन्याला लाव की गं!"

भक्तीला हसू आवरेना. "नाव घ्यावं लागतंय. थांब, मी 'भक्तीचा बाप' असंच लिवून ठिवते."

अंबिकेनं फोन मागं ओढला. "नको. त्याहिनी मला लावायला सांगितलंय. हिला एवढं इचारलं, मग हिला एक नाव सांगायला काय हुतंय?"

तिनं पदर डोक्यावर घेतला. ओठ फोनला लावून इतकं हळू बोलली, की भक्तीलाही ऐकू आलं नाही. फोनला आलं. घंटी वाजली.

"हॅलो, कोण? भक्ती का?"

अंबिकेनं दाराकडं पाहिलं. दार अडवायला कोणीच नव्हतं.

"बोंडात सरकी, सरकीत तेल," ती मोठ्यानं म्हणाली, "नागनाथरावांनी फोन घरी ठेवला, तर लेक माझी शिकेल."