टाइमकीपरचा सूट

बस डेपोतल्या टाइमकीपरला सगळे टाइमकीपरच म्हणायचे. वय अठ्ठावन्न. आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं, आणि आई गेल्यावर घर त्याला खायला उठायचं. डेपोसमोरच्या शिंप्याकडे तो दरवर्षी दोन पँटी शिवून घ्यायचा, दोन्ही राखाडी. त्या दिवशी मात्र त्यानं काउंटरवर निळं सुटाचं कापड ठेवलं.

"मास्तर, लग्न ठरलंय."

शिंप्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. "काय सांगता! कोण हो?"

"डॉक्टर आहे, परदेशात. फोनवरच ओळख झाली. बारा तारखेला येतेय." त्याचे कान लाल झाले होते. तिच्या कपड्यांना शोभेलसा टाय निवडा म्हणून त्यानं तिचा फोटो शिंप्याच्या फोनवर पाठवलासुद्धा. पांढऱ्या कोटातली हसरी बाई होती.

बारा तारीख आली न् गेली. आधी तिला ताप आला, मग तिचा पासपोर्ट अडकला. दुसऱ्या महिन्यात टाइमकीपर सूट घालून बघायला आला, तर पँट कमरेत दोन इंच सैल. शिंप्याला वाटलं, आपलंच माप चुकलं. त्यानं टेप पुन्हा लावला. माप चुकलं नव्हतं.

"जेवताय ना नीट?"

"एका वेळचा डबा बंद केलाय. तिच्या पासपोर्टाला हातभार लावतोय थोडा."

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या त्यानं तो फोटो मुलीला दाखवला. तिनं पाच मिनिटांत शोधून काढलं. बाई कुठल्याशा जाहिरातीतली मॉडेल होती, आणि तिचाच फोटो सहा वेगवेगळ्या नावांनी फिरत होता.

"बाबा, काकांना सांगा. आजच सांगा."

दुसऱ्या दिवशी शिंप्यानं जड जिभेनं सांगितलं. टाइमकीपरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, माझी आई कोणत्या तारखेला गेली?"

शिंपी गळ्यातला टेप काढून गुंडाळायला लागला.

"डेपोत तीस वर्षं काढली, तिथं कुणाला माहीत नाही. तिला माहीत आहे. त्या दिवशी तिनं आठवणीनं फोन केला." एवढं बोलून तो दुकानाची पायरी उतरला. नंतर पंधरा दिवस समोरून जातानासुद्धा त्यानं दुकानाकडे मान वळवली नाही.

सोळाव्या दिवशी तो सूट न्यायला आला. "आज तीनचं विमान आहे तिचं."

शिंप्यानं सूट अंगावर चढवून दिला, बाही झटकली आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुमच्याबरोबर. नवी शिलाई आहे. विमानतळावर उसवली तर माझं नाव खराब व्हायचं."

टाइमकीपर हसला नाही, पण नको असंही म्हणाला नाही.

तीनच्या विमानाची माणसं बाहेर आली. कुणी गळ्यात पडलं, कुणी बॅगा ओढत टॅक्सीकडे धावलं. गर्दी ओसरली. "चारच्या विमानानं येत असेल," टाइमकीपर म्हणाला. चारचीही माणसं येऊन गेली. तो एकदाही खाली बसला नाही. पँटीची इस्त्री मोडेल म्हणाला. साडेपाचला त्याचा फोन वाजला. मेसेज बघून त्यानं फोन शिंप्यापुढे धरला.

"वाचा. चष्मा विसरलो."

चष्मा त्याच्या वरच्या खिशातच होता. शिंप्यानं वाचलं, "वाटेत अडकले आहे. अजून थोडे पैसे पाठव, मग भेटूच."

"पुन्हा वाचा."

शिंप्यानं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचा, असं टाइमकीपर म्हणाला नाही. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला.

सकाळी दोघं पोलीस चौकीत गेले. हवालदारानं तारखा लिहून घेतल्या, रकमा लिहून घेतल्या. मग पेन थांबवून विचारलं, "ही बाई तुमची कोण?"

टाइमकीपरनं वरच्या खिशातला चष्मा काढून पुसला.

"लिहा... ओळखीची."

सही करून तो बाहेर आला आणि चौकीच्या पायरीवर मटकन बसला. तोंडावर रुमाल धरून हमसाहमशी रडायला लागला. येणारीजाणारी माणसं वळून बघत होती. शिंपी त्याच्या शेजारी, त्याला खेटून बसला. दुकान उघडायची वेळ टळून गेली, तरी तो उठला नाही.