मोनिकाचं राहून गेलेलं भाषण

मी एक जुना लाकडी पोडियम आहे. भाषण करणारा माणूस ज्याच्यामागे उभा राहतो, ज्याच्यावर कागद ठेवतो आणि पाय लटपटायला लागले की ज्याच्या कडा घट्ट धरतो, तो मी. मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा कोणी असेल. माझ्यावर जी वेळ आली ती त्याच्यावर येऊ नये, म्हणून ही हकिकत सांगतो.

माझा जन्म जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत झाला. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका पडक्या गोदामाचं सागवानी दार साहेबराव सुतारांनी विकत आणलं होतं. त्यातून त्यांनी मला घडवलं. तातेराव गुरुजी तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. बुद्धविहाराशेजारच्या जागेत त्यांनी पत्र्याचं एक वाचनालय उभं केलं आणि साहेबरावांना सगळ्यात आधी मलाच घडवायला सांगितलं.

"गुरुजी, आधी कपाट करा की," साहेबराव म्हणाले. "पुस्तकं जमिनीवर पडून राह्यली."

"पुस्तकं जमिनीवर बसून बी वाचता येतात," गुरुजी म्हणाले. "चारचौघांत बोलायचं म्हणलं तर आधाराला काहीतरी लागतं."

माझे पुढचे दिवस फार आनंदाचे होते. जयंतीची व्याख्यानं माझ्यामागून झाली. बदनापूरच्या संशोधन केंद्रातले एक साहेब तुरीच्या नव्या वाणाबद्दल बोलले, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांना इतके प्रश्न विचारले की त्यांची परतीची गाडी चुकली. गुरुजींच्या पत्नी केशरबाई मला ओल्या फडक्यानं पुसायच्या. नवीन माणूस भाषणाला आला की म्हणायच्या, "घाबरू नका, पोडियम मजबूत हाय." ते ऐकून मला किती बरं वाटायचं!

पण माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम म्हणजे दरवर्षीची वादविवाद स्पर्धा. तिचा नियम गुरुजींनी घालून दिला होता. कोणती बाजू मांडायची हे चिठ्ठीवर ठरायचं. आपल्याला न पटणारी बाजू आली तरी ती मनापासून मांडायची आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही.

गुरुजींची नात ज्योत्स्ना आणि आबारावांची मुलगी मोनिका या दोघी त्या स्पर्धेतल्या जुन्या प्रतिस्पर्धी. एरवी जिवाभावाच्या मैत्रिणी. जालन्याच्या कॉलेजला दोघी एकाच एसटीनं जायच्या. आबाराव ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती होती. त्यांचा थोरला मुलगा सुग्रीव फौजेत होता आणि सगळ्या गावाला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षीचा विषय हिवाळ्यातच ठरला होता, 'युद्धाला जाताना सरकार सांगते तेच खरे कारण असते काय?' तेव्हा तो विषय पुस्तकातला वाटत होता. उन्हाळा आला आणि सरहद्दीवर खरोखरच लढाई सुरू झाली. सुग्रीवचा फोन लागेनासा झाला.

"गुरुजी, विषय बदला," लोक सांगायला लागले.

गुरुजी आबारावांकडे गेले. आबाराव विचारात पडले. पण मोनिकाच मध्ये बोलली, "अण्णा, मला सरकारच्या बाजूची चिठ्ठी आली हाय. मला बोलायचंय." लेकीचा चेहरा बघून आबाराव हो म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी वाचनालयात बसायला जागा उरली नव्हती. पहिली बोलायला ज्योत्स्ना आली. ती काय बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर त्याच शब्दांवरून सगळं घडलं.

"कोणी म्हणेल की जवान लढतात ते पुढाऱ्यांच्या मतांसाठी," ती म्हणाली. "मी तसं म्हणत नाही. जवान देशासाठीच लढतो. म्हणून तर त्याला पाठवणाऱ्यांना कारण विचारलं पाहिजे. आणि सांगितलेलं कारण खरं की खोटं हे ओळखायचं कसं? ते बदलतं का ते बघा. आज एक कारण सांगितलं, पुढच्या आठवड्यात दुसरं, निवडणूक जवळ आल्यावर तिसरं, तर समजा की पहिलं कारण पुरेसं नव्हतं."

टाळ्या पडल्या. काही लोक हाताची घडी घालून बसून राहिले. मग चहा झाला. मोनिका कागद घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली. ती घसा साफ करत होती, तेवढ्यात बाहेर गलका झाला.

कोणीतरी ज्योत्स्नाचं भाषण मोबाईलमध्ये घेतलं होतं आणि त्यातला इवलासा तुकडा कापून पुढे पाठवला होता. त्यात ती एवढंच म्हणत होती, "जवान लढतात ते पुढाऱ्यांच्या मतांसाठी." चहा होईपर्यंत तो तुकडा अर्ध्या तालुक्यात पोचला होता. दारात माणसं जमली. त्यातली निम्मी तर मी कधी पाहिलीही नव्हती. "कोण हाय ती? बाहेर काढा!" असे आवाज यायला लागले. एक दगड पत्र्यावर पडला.

आबाराव उठले. "गुरुजी, पोरीला मागच्या दारानं घरी न्या. जल्दी!" ते ओरडले. मग लोकांसमोर हात जोडून म्हणाले, "कार्यक्रम बंद! बिलकुल बंद!" त्यांनी मोनिकाचा दंड धरून तिला माझ्यापासून ओढून नेलं. दार लागलं, कुलूप पडलं. किल्ली आबारावांच्या खिशात गेली.

मित्रांनो, बंद पत्र्याखालचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला कसं सांगू? दुपारी माझं लाकूड तडकायचं. माझ्या कपाळावर पालीनं घर केलं. पुस्तकांवर धूळ चढत होती आणि मी नुसता उभा होतो. खिडकीची एक फळी निखळलेली होती. तेवढ्या फटीतून मला बाहेरचं ऐकू यायचं. तेवढंच माझं जग उरलं होतं.

त्या फटीतून मला कळलं की कोंडलेला मी एकटा नाही. ज्योत्स्नाचं कॉलेजला जाणं बंद झालं होतं. एसटी स्टँडवर काही जण तिला अडवून वाट्टेल ते बोलले होते, तेव्हापासून केशरबाई तिला घराबाहेर पडू देत नव्हत्या. गुरुजी रोज येऊन वाचनालयाच्या पायरीवर बसायचे. एकदा आबाराव तिथून जात होते.

"आबाराव, किल्ली द्या," गुरुजी म्हणाले. "लेकरं पुस्तकं मागून राह्यली."

"मला काय हौस हाय का, गुरुजी? माझं पोरगं तिकडं हाय. त्याच्याच गावातून असं काही निघालं, हे त्याच्या कानावर गेलं तर त्याला काय वाटंल?"

"पण ती तसं म्हणली न्हाई. तुम्ही पहिल्याच रांगेत बसल्ते."

आबारावांचा आवाज खाली आला. "म्हाइती हाय मला. पण हे बाहेर म्हणलं, की लोक मलाच धरतील. म्हणतील, पोरगा फौजेत आन् बाप हिच्या बाजूनं? मी सदस्य हाय, गुरुजी. मला गावात राहायचं हाय."

ते निघून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज दूर जाईपर्यंत मी ऐकत होतो. किल्ली त्यांच्या खिशात होती, तरी ते माझ्याहून मोकळे आहेत असं मला वाटलं नाही.

काही दिवसांनी भर दुपारी, गल्ली सुनी असताना, दोन ओळखीचे आवाज खिडकीशी आले. घरच्यांचा डोळा चुकवून मैत्रिणी भेटायला आल्या होत्या.

"तुझं निदान बोलून तरी झालं," मोनिका म्हणाली. "माझं भाषण तसंच राह्यलं. तुझ्यापेक्षा भारी होतं, बघ."

ज्योत्स्ना हसली. "सरकारची बाजू मांडणारीला बी गप केलं की यांनी!"

मोनिका मात्र हसली नाही. "खरं सांगू का? दादाचा फोन लागत न्हाई तवापासून मी ते भाषण रोज म्हणून बघते. एक एक वाक्य म्हणते आन् वाटतं, हे खरं असायलाच पाहिजे. न्हाई तर मंग दादा कशाला गेला?"

वादविवादात एवढी तरबेज ज्योत्स्ना, पण ती नुसती मैत्रिणीला खेटून बसली. मला वाटत होतं, कोणीतरी माझ्यामागे येऊन काहीतरी बोलावं. पण मी लाकडाचा. माझ्यामागे माणूस उभा राहिल्याशिवाय मला आवाज नाही.

पुढे एक दिवस फटाके वाजले. लढाई थांबली होती. काही आठवड्यांनी सुग्रीव सुट्टीवर आला. त्याच्या सत्काराला गावात मोठी जागा एकच होती. आबारावांना कुलूप काढावं लागलं. केशरबाई आल्या नव्हत्या, म्हणून त्या दिवशी मला कोणी पुसलं नाही. धुळीवरच हार ठेवले.

सुग्रीव माझ्यामागे आला. उंचापुरा गडी, त्यानं माझ्या कडा घट्ट धरल्या. समोरून कोणी ओरडलं, "सुग्रीव, सांग ना, कसं हाणलं त्यांना?"

सुग्रीव म्हणाला, "ते मला सांगता येत न्हाई. ज्योत्स्ना कुठं हाय? ती न्हाई दिसली."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्याची आई बायनाबाई खालून म्हणाली, "ती येत न्हाई, बाबा. लोक म्हणतेत, तिनं तुम्हा जवानांची बदनामी केली."

"तो व्हिडिओ मी तिकडं बघितला, माय. लई राग आल्ता मला. घरी आल्यावर मोनीनं सगळं भाषण सांगितलं, तवा कळलं ती काय म्हणली ते." त्यानं वडिलांकडे पाहिलं. "अण्णा, मला तिथं कोणी विचारलं न्हाई, सुग्रीव, जायचं का म्हणून. हुकूम आला, निघालो. फौजेत तसंच लागतं, त्याचं मला काही वाटत न्हाई. पण तुम्हाला गप बसायचा हुकूम कोणी दिल्ता?"

आबारावांची मान खाली गेली. सुग्रीव म्हणाला, "माझा सत्कार करायचाच असंल तर ती स्पर्धा पुरी करा. मला ऐकायची हाय."

कोणीतरी जाऊन ज्योत्स्नाला आणलं. सोबत गुरुजी आणि केशरबाई आले. काही माणसं उठून निघून गेली, हे मी लपवणार नाही. जी थांबली, त्यांच्यासमोर मोनिका माझ्यामागे उभी राहिली. तिनं कागद आणले नव्हते.

"सरकारला सगळं उघड सांगता येत नाही," ती म्हणाली. "शत्रूही ऐकत असतो. आणि कारणं एकापेक्षा जास्त असली म्हणून पहिलं कारण खोटं ठरत नाही. बाप लेकीचं लग्न लावतो तेव्हा तिचं भलं बघतो आणि समाजातली स्वतःची इज्जतही बघतो. म्हणून त्याला लेकीची माया नाही, असं म्हणाल का? लोकांचे जीव जात असताना हातावर हात धरून बसणं हाही गुन्हाच आहे."

भाषण खरंच भारी होतं. टाळ्यांनी पत्रा दणाणला. मग उत्तर द्यायला ज्योत्स्ना आली.

"बापाची माया मी मान्य करते," ती म्हणाली. "पण लग्न लेकीचं आहे. कुठलं काम तिच्या भल्यासाठी झालं आणि कुठलं इज्जतीसाठी, हे तिनं विचारलं तर बापानं उत्तर द्यायला हवं. ती विचारते म्हणून ती बापाची वैरी होत नाही."

गुरुजींनी मोनिकाला विजयी ठरवलं. सगळ्यात आधी टाळ्या ज्योत्स्नानं वाजवल्या.

लोक उठायला लागले, तेव्हा बायनाबाई पुढे आली. ती माझ्यामागे कधी उभी राहिली नव्हती. तिनं दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. शेतातल्या कामानं खरखरीत झालेले तळवे. "तुम्ही दोघी बी चांगलं बोललात," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. उद्या ह्याला पुन्हा बोलावलं, आन् ते सांगतील ते कारण मला पटलं न्हाई, तर मी कुठं जाऊन विचारू?"

मोनिकानं ज्योत्स्नाकडे बघितलं. ज्योत्स्नानं गुरुजींकडे. पण या वेळी कोणी कोणाला गप्प केलं नाही. बायनाबाई वाट बघत उभी राहिली आणि मग खाली उतरली.

सुट्टी संपायच्या आधीच सुग्रीवला परत बोलावणं आलं. कशासाठी, ते त्यालाही सांगितलं नाही. वाचनालय आता उघडं असतं. ज्योत्स्ना पुन्हा कॉलेजला जाते. एसटीत अजून काही बायका तिच्याशेजारी बसत नाहीत, मोनिका बसते.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझा एक पाय हलतो, वार्निश उडालं आहे. दुरुस्ती करा न करा, माझी तक्रार नाही. तुमच्याकडे मी एकच मागतो. माझ्यामागे कोणी बोलायला उभं राहिलं, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत बसा. मग त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्याचंही ऐका. आणि शेवटी एखादी बायनाबाई पुढे आली, तर तिचा प्रश्न ऐकल्याशिवाय खुर्च्या उचलायला लागू नका.