पाठीला फुटलेलं दार

मी तुमच्या स्टेशनची इमारत बोलतेय. थांबा, माझं तोंड शोधू नका. रस्त्यावरून दिसते ती माझी पाठ. अख्ख्या लाइनीवर गावाकडे पाठ करून उभी असलेली मी एकटीच! आता यात माझा काय दोष, ते तुम्हीच सांगा.

झालं असं, की बांधकामाच्या वेळी कंत्राटदार आणि गवंडी टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसले. मध्ये नकाशा. कंत्राटदार म्हणाला, "दार या बाजूला." गवंड्याने त्याच्या बाजूने नकाशा बघितला आणि मान डोलावली. चूक कळेपर्यंत माझ्यावर छप्पर चढलं होतं आणि पहिली गाडी तोंडावर आली होती. "राहू दे आता," म्हणाले. ते राहिलंच.

म्हणून माझं दार फलाटावर, तिकिटाची खिडकीही फलाटावर, आणि रस्त्याकडे नुसती कोरी भिंत. पहिले स्टेशनमास्तर भारी कडक. "तिकिटाशिवाय फलाटावर पाऊल टाकायचं नाही!" असे गरजायचे. लोक म्हणायचे, "साहेब, तिकीट फलाटावरच मिळतं." साहेबांनी कपाळाला हात लावला. पुढे तेही सरावले.

तेव्हापासून सगळे मला वळसा घालून येतात. पुढे समोर दुसरा फलाट झाला, वर पूल झाला, पण वळसा काही सुटला नाही. त्या वळणावर, माझ्या उजव्या कोपऱ्याशी, सायकलकाकांचं बस्तान. लोक सकाळी सायकल त्यांच्या हवाली करून गाडी पकडतात आणि संध्याकाळी पंक्चर काढलेली, हवा भरलेली सायकल घेऊन घरी जातात. काका माणूस सोन्यासारखा, पण तोंडाने फटकळ. शाळेतल्या बाईंशी तर रोजचं भांडण.

"बाई, ब्रेक लावता की पाय घासत थांबता? चपलेचा तळ बघा जरा!"

"तुम्ही ब्रेक नीट बसवा, मग लावते!"

मी हे नुसतं ऐकायची. माझे डोळे फलाटाकडे ना! पण ते ऐकल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

यंदा नवे साहेब आले. "हा काय वेडेपणा!" म्हणाले, आणि माझ्या पाठीत दार पाडायचा हुकूम सोडला. दाराशेजारी सायकली लावायला छानसा कठडाही. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. एवढ्या वर्षांनी रस्ता दिसणार!

पण दुपारी काकू डबा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दार झालं की या कोपऱ्यावर कोण फिरकणार हो?" काका म्हणाले, "बघू." डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज काही आला नाही. मग मला मेलीला कसला आनंद!

दार उघडायचा दिवस आला. साहेबांनी फीत कापली. सकाळच्या गाडीची माणसं येऊ लागली, आणि काका काय करत होते? कोपऱ्यावर उभे राहून हात दाखवत होते. "इकडून नको! तिकडे दार झालंय, जवळ पडतं!" माणूस आपल्याच पोटावर पाय देत होता. मला भरून आलं.

तेवढ्यात बाईंनी सायकल नेमकी काकांच्या पुढ्यात आणून उभी केली.

"दार दिसतंय मला, डोळे आहेत. आधी हे सांगा, काल ब्रेक कुणी बसवला? लागतच नाही!"

"लागत नाही? मी बसवलेला? आणा इकडे!"

बाईंच्या मागे बँकेतले भाऊ, त्यांच्या मागे नर्सताई. कुणाची चेन सैल, कुणाची घंटी मुकी. सगळी वरात कोपऱ्यावरून! साहेब दारात एकटेच, हातात कात्री. शेवटी तेही वळसा घालून आले.

"काका, नवं दार करकरतंय. तेल आहे का थोडं?"

काकांनी तेलाची डबी पुढे केली. त्या दुपारी डबा चाटूनपुसून संपला.

आता माझं दोन्हीकडे बरं चाललंय. आजी-आजोबा, सामानवाले, कडेवर लेकरू घेतलेल्या आया दारातून येतात. बाकीचे कोपऱ्यावरून. तुम्हीही या. घाई असेल तर दारातून, नसेल तर वळसा घाला आणि काकांची चार बोलणी खाऊन या.

आणि बाईंचा ब्रेक? अहो, झकास लागतो! जागच्या जागी थांबतात आणि मग ओरडतात, लागत नाही म्हणून. मी रोज बघते. मला आता रस्ता दिसतो ना!