बोल्ट सकाळी मागायचा

आमच्या शिकारीच्या कॅम्पात बंदूक ओसरीवर झोपते आणि तिचा बोल्ट माझ्याकडे, स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात. बोल्ट म्हणजे बंदुकीच्या पोटातला तो सरकता लोखंडी तुकडा. तो काढला की उरते ती नुसती महागडी काठी. हा नियम आमच्या आईनं घातला आणि त्याला एक शेपूटही जोडलं: सकाळी ज्यानं त्यानं येऊन आपला बोल्ट मागायचा, आणि स्वयंपाक करणारीनं त्याच्याकडे नीट बघून तो द्यायचा किंवा नाही म्हणायचं. रात्रीची उतरली नसेल, अंगात ताप असेल, डोक्यात राग असेल, तर नाही. एका वर्षी तिनं आमच्या वडिलांनाच नाही म्हटलं होतं, आणि ते दिवसभर कांदे सोलत बसले होते. आईनंतर डबा माझ्याकडे आला. हरणं मीही मारते, आणि या कॅम्पातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा कमी गोळ्यांत. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

यंदा शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या दुपारी माझा भाचा ट्रॉय खालच्या मिशिगनमधून मोठा पूल ओलांडून आमच्या उत्तरेकडच्या जंगलात आला. त्यानं गाडीतून जी बंदूक काढली तिला लाकूड म्हणून कुठे नव्हतंच. काळीकुळकुळीत, प्लास्टिकची, चाप ओढाल तशी गोळी सोडणारी. त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, आर्वोनं, ती पाहिली आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, यंदाचं भांडण एवढंच. तेवढं तर मी बटाटे कापता कापता मिटवलं असतं.

खरी गोष्ट घडली ती तासाभरानं. ट्रॉय सौना, म्हणजे आमची वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायला लाकडं आणायला गेला होता. आर्वो ओसरीवर आपली जुनी रायफल पुसत बसला होता. बोल्ट त्यानं आधीच माझ्या डब्यात टाकला होता, नियम म्हणजे नियम. मी राख टाकायला बाहेर आले तर तो रायफल खांद्याला लावून तिच्यावरच्या दुर्बिणीतून झाडीकडे बघत होता.

"आयली, हलू नकोस," तो पुटपुटला. "मोकळ्या जागेच्या कडेला. आठ फाट्यांची शिंगं आहेत. आयुष्यात असा नर पाहिला नाही मी."

मी बघितलं. मोकळ्या जागेच्या कडेनं ट्रॉय येत होता. हरणाच्या रंगाचा तपकिरी कोट घातलेला, वाळक्या फांद्यांचा भारा खांद्यावर घेऊन वाकलेला. मी तोंड उघडेपर्यंत आर्वोनं चाप दाबला. रिकामी रायफल, आवाजही धड झाला नाही.

"मेला," तो खुशीत म्हणाला. "उद्या असाच उभा राहा, राजा."

राख माझ्या बुटांवर सांडली. आर्वोची नजर अधू झाली आहे हे मला ठाऊक होतं. चष्मा तो लावत नाही, डॉक्टरकडे जात नाही. पण अधू आणि हे यांत फार अंतर आहे. मी घाबरले, चांगलीच घाबरले. उद्या सकाळी त्या रायफलीत खरी गोळी असणार होती आणि त्याच झाडीत ट्रॉय बसणार होता.

तरी मी तेव्हा काही बोलले नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्याच्या मुलासमोर आंधळा म्हणायचं म्हणजे त्याची पगडी उतरवण्यासारखंच. शिवाय जेवणाच्या वेळी तोफखाना सुरू झाला.

"तुझा बोल्ट?" मी ट्रॉयला विचारलं. बाकीचे सगळे डब्यात आले होते.

"माझा माझ्याजवळच राहील, आत्या. माझ्या बंदुकीचं काय करायचं ते मी ठरवणार. दुसरं कोणी नाही."

"हिला बंदूक म्हणतोस?" आर्वो म्हणाला. "हरणाला एक गोळी पुरते. ज्याला जास्त लागतात त्यानं मासे पकडावेत."

"पाचच भरतो मी. कायद्यात बसतं."

"कायदा कोण विचारतंय? तुझ्यासारख्यांमुळे लोक आम्हा सगळ्यांना माथेफिरू समजतात."

"आणि तुमच्यासारख्यांमुळे उद्या आपल्या हातात काही उरणार नाही," ट्रॉय म्हणाला. "'त्यांच्या काळ्या बंदुका न्या, आमच्या शिकारीच्या सोडा,' असंच ना? आमच्या नेऊन झाल्या की तुमच्या दुर्बिणीकडे बघतील, बाबा, आणि म्हणतील, ही तर लपून माणसं मारायची बंदूक. आज डबा, उद्या कुलूप, परवा सरकार."

"सरकार तुला रस्सा वाढतंय का?" मी म्हटलं.

शेजारी बसलेला वर्न आमच्या वडिलांच्या काळापासून या कॅम्पाचा सभासद आहे. तो म्हणाला, "मी दोघांच्याही बाजूचा आहे. बटाटे इकडे सरकवा."

ट्रॉयचं बोलणं अगदीच पोकळ नव्हतं, हे मी कबूल करते. आर्वोला काळ्या बंदुकीचा राग होता तो बराचसा दिसण्यावरून. पण डबा दिसण्यावर चालत नाही. मी ट्रॉयचं ताट उचलून चुलीवर ठेवलं. "ज्याचा बोल्ट डब्यात, त्याचं ताट टेबलावर. नाहीतर गाडीत झोप. बाहेर गारठा किती आहे ते बघून ये."

त्यानं चुलीवरच्या ताटाकडे पाहिलं. मग उठला, ओसरीवर जाऊन एक खिळी दाबून बंदूक मधोमध उघडली, आतला काळा तुकडा आणून डब्यात टाकला. "पण सकाळी मागितला की द्यायचा. प्रश्न नकोत."

"प्रश्न ती विचारणारच," आर्वो गरजला. "सगळ्यांना. मलासुद्धा. आयली नाही म्हणाली तर नाही. तो तिचा हक्क आहे, आणि तो या कॅम्पात कोणी मोडलेला नाही."

माझ्या हातातला डाव थांबला. त्यानं स्वतःच्या तोंडानं दार उघडून दिलं होतं.

सकाळी, अजून अंधार होता, वर्न आला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि बोल्ट दिला. ट्रॉय आला, मी त्याचा काढून टेबलावर ठेवला. आर्वो आला, शिकाऱ्यांनी एकमेकांना लांबून दिसावं म्हणून घालायचं नारिंगी जाकीट चढवलेलं, बुटांच्या नाड्या आवळलेल्या. त्यानं हात पुढे केला.

"नाही," मी म्हटलं.

तो हसला. "थट्टा पुरे."

"नाही, आर्वो."

आणि बापाच्या बाजूनं उठलं कोण, तर ट्रॉय. त्याचा चेहरा लाल झाला होता. "हेच मी रात्री सांगत होतो. पन्नास वर्षं शिकार केली त्यांनी, आत्या. बंदूक त्यांची आहे. कारण न सांगता तू कोण त्यांना थांबवणारी?"

"कारण सांगायलाच हवं का?"

"सांग," आर्वो म्हणाला. आवाज शांत होता, पण हात अजून पुढेच होता. "याच्यासमोर सांग. मी काय चोरी केलीय?"

मला ते नको होतं. पण दोघंही हटेनात.

"काल दुपारी तू ज्या शिंगांचे फाटे मोजलेस," मी म्हटलं, "ती सौनाची लाकडं होती. खाली ट्रॉय होता."

चहाच्या किटलीखाली लाकूड तडतडलं. वर्ननं टोपी काढली. आर्वो मुलाकडे वळला, त्याच्या अगदी जवळ गेला, इतक्या जवळ की मला तेव्हा कळलं त्याला किती जवळ जावं लागतं.

"कोट कुठला होता तुझ्या अंगावर?"

"तपकिरी," ट्रॉय म्हणाला.

आर्वोनं मान हलवली. ट्रॉयनं घसा खाकरला. तो घाबरला असेल, पण मागे सरला नाही. "तरीही आत्या, बंदूक त्यांची आहे. त्यांनीच ठरवायचं."

"ठरवलं मी," आर्वो म्हणाला.

तो बाकावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. गाठ सुटेना. ट्रॉय मदतीला वाकला तसा त्यानं त्याचा हात बाजूला केला.

"हे मला जमतं," तो म्हणाला. "तू तुझा बोल्ट घे आणि निघ. उजाडायला लागलंय."