वरच्या मजल्यावरची पंच

मेट्रनबाई आणि खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले यांच्यात दोन वर्षं अबोला होता. निमित्त पाण्याचं. तुमच्या न्हाणीघरातून माझ्या छतात पाणी झिरपतंय, असं सांगायला ते एकदा वर आले होते आणि बाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. बत्तीस वर्षं इस्पितळ ताब्यात ठेवलेल्या बाई. आपल्या घरात काही गळतंय हे ऐकून घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "वय झालं की नसलेले आवाज ऐकू येतात माणसाला," असंही वर ऐकवलं. घड्याळवाले मुकाट जिना उतरले ते पुन्हा कधी वर चढले नाहीत.

त्यामुळे मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक तरुण फौजदार दारात उभा राहून म्हणाला, "खालच्या घराची झडती घ्यायचीय, पंच म्हणून येता का?" तेव्हा बाईंना काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना बरं वाटलं. अगदी जरासंच, आणि पाठोपाठ लाजही वाटली. पण वाटलं खरं.

"केलंय काय त्यांनी?"

"चोरीचं सोन्याचं घड्याळ त्यांच्याकडे कुणीतरी पाहिलंय, अशी तक्रार आहे. चला आजी, सही करायची फक्त. पाच मिनिटांचं काम."

"आजी तुमच्या घरी. मला सगळे मेट्रनबाई म्हणतात. आणि पंचाचं काम पाच मिनिटांत होत नाही, इस्पितळात पोलीस केसेस कमी नाही पाहिल्या मी. थांबा, चष्मा घेते."

खाली दुसरा पंच म्हणून इस्त्रीवाल्याला आणून उभा केला होता. बिचारा आपणच चोर असल्यासारखा घामाघूम झाला होता. घड्याळवाले दाराशी उभे होते, डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलेलं. बाईंना पाहून त्यांचा चेहरा आणखीच पडला. आता हिच्यासमोर घर उघडं पडणार, हे त्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

बाईंनी आधी वॉरंट मागून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मग फौजदाराला म्हणाल्या, "आत जाण्याआधी तुमचे खिसे दाखवा. तुमचे आणि हवालदारांचे."

"आमचे?" हवालदाराचा आवाज चढला.

"मागाहून कुणी म्हणायला नको, पोलिसांनीच काही आणून ठेवलं म्हणून. तुमच्याच भल्याचं सांगतेय."

फौजदाराने निमूट खिसे उलटे केले. एकातून लिमलेटच्या दोन गोळ्या निघाल्या.

घड्याळ शोधायला काही कष्ट पडले नाहीत. घड्याळवाल्यांनी स्वतःच खण ओढून ते टेबलावर ठेवलं. "हेच ना? तक्रार करणाऱ्यांच्या जावयाने आणून दिलंय. काटा अडकत होता. वहीत नाव आहे, तारीख आहे."

"पकडला गेला की सगळे हेच सांगतात," हवालदार म्हणाला आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली बाकीची घड्याळंही भराभर पिशवीत टाकायला लागला.

बाईंचं लक्ष त्या भिंतीकडे गेलं. चाळीसएक घड्याळं असतील. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर बारीक सुबक अक्षरात मालकाचं नाव आणि दुखणं. 'मागे पडते.' 'किल्ली बसत नाही.' 'पाण्यात पडले होते.' बाळंतिणींच्या वॉर्डात बाळांच्या मनगटाला अशाच चिठ्ठ्या बांधत आणि एकही इकडची तिकडे झाली, तर मेट्रनबाई सगळं इस्पितळ डोक्यावर घेत. हा माणूस त्यांच्याच जातकुळीचा होता. दोन वर्षं पायाखाली राहत होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

"ठेवा ती जागच्या जागी," त्या म्हणाल्या.

"अहो, परत परत खेपा घालायला नकोत..."

"वॉरंटात एक घड्याळ लिहिलंय. एकच न्यायचं. बाकीच्यांवर संशय असेल तर प्रत्येकाचा वेगळा सांगा, प्रत्येकाचं वर्णन वेगळं लिहा. मला घाई नाही. इस्त्रीवाल्यांनाही नाही."

इस्त्रीवाल्याला भरपूर घाई होती, पण त्याने मान डोलावली. फौजदार हसला आणि हवालदाराला म्हणाला, "परत टांगा. मी नाही सांगितलं होतं सगळी घ्यायला."

मग आतली खोली. पलंग दाराशी ओढलेला, त्यामुळे अंग चोरूनच आत शिरावं लागत होतं. पलंगाच्या मूळ जागी एक बादली. छताला हा एवढा मोठा हिरवट डाग आणि त्यातून एकेक थेंब बादलीत. टप. कपाटावर मेणकापड अंथरलेलं होतं.

हवालदार लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता, "...छतास ओल असून पाणी ठिबकत आहे. पाणी कुठून येतंय हो?"

घड्याळवाले खिडकीबाहेर बघू लागले. इस्त्रीवाल्याला आपल्या चपलांत काहीतरी दिसलं.

"वरच्या मजल्यावरून," बाई म्हणाल्या.

"वर कोण राहतं?"

"मी."

फौजदार घाईघाईने म्हणाला, "राहू द्या, त्याचा झडतीशी काही संबंध नाही."

"जे दिसलं ते लिहायचं की नाही पंचनाम्यात? दिसलंय मला. लिहा." आणि त्यांनी खाली सही ठोकली.

जावयाचा फोन लागत नव्हता. फौजदार म्हणाला, "तुम्हाला ठाण्यावर यावं लागेल. जावई भेटेपर्यंत ताब्यात घेतोय."

"कारण सांगा त्यांना. जप्तीच्या यादीची प्रत द्या. आणि चोवीस तासांच्या आत..."

"न्यायालयापुढे. ठाऊक आहे मला, मेट्रनबाई." तो चिडला नव्हता. घड्याळवाल्यांकडे वळून त्याने विचारलं, "तुमच्याकडचं कोणाला कळवायचं?"

त्यांनी कपाळावरचं भिंग काढून खिशात ठेवलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. "मुलीला नको, ती उगाच जीव टांगणीला लावून बसेल." मग बाई शेजारीच उभ्या असताना त्यांनी बोट छताकडे केलं. "वरच्यांना कळवा."

"कळलं मला," बाई एवढंच म्हणाल्या.

त्यांनी घड्याळवाल्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या शोधून घेतल्या, नोंदींची वही उचलली, वर जाऊन डबा भरला आणि ठाणं गाठलं. ताब्यातल्या माणसाला गोळी वेळेवर मिळाली पाहिजे, असं त्यांनी तिथे तीनदा तीन जणांना सांगितलं. शेवटी फौजदाराने दोघांना आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसू दिलं.

घड्याळवाले सावकाश जेवले. बाईंनी विचारलं, "दोन वर्षांत पुन्हा वर का नाही आलात? भांडायचं तरी!"

"तुम्ही म्हणालात ना, नसलेले आवाज ऐकू येतात. म्हटलं, असेलही. घरात एवढी टिकटिक, त्यात आपल्यालाच थेंबाचा भास होत असेल."

"अहो, बादली भरत होती ना!"

"हो," ते ओशाळून म्हणाले. "मग ती ओतून टाकायचो."

बाईंना हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी चष्म्याच्या काचेला दोष दिला.

पाचच्या सुमाराला जावई धापा टाकत आला. सासऱ्यांचं घड्याळ वाढदिवसाआधी गुपचूप दुरुस्त करून द्यावं म्हणून त्याने कपाटातून उचललं होतं आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. फौजदाराने वहीतल्या नोंदीशी त्याची पावती ताडून पाहिली, त्याचा जबाब घेतला आणि सुटकेची वेळ मिनिटासकट लिहिली. घड्याळ मात्र न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत ठाण्यातच राहणार होतं. "त्याला रोज किल्ली द्या," घड्याळवाल्यांनी बजावलं, "नाहीतर पुन्हा अडकेल." फौजदार म्हणाला, "ते लाखेने सीलबंद आहे हो." घड्याळवाले हळहळले.

दुसऱ्याच दिवशी बाईंकडे प्लंबर आला. नळी फुटली होती ती बरोबर डागाच्या डोक्यावर. काम चार दिवस चाललं आणि तेवढे दिवस बाई आंघोळीला खाली जात. त्या आल्या की घड्याळवाले वर्तमानपत्र घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, कुणी विचारलेलं नसतानाही, सांगत, "आत मेट्रनबाई आहेत. सावकाश होऊ दे त्यांचं."