सात सेकंद का?

नात सहा वर्षांची असताना मी तिला सांगितलं, तुझ्या आजोबांचा चष्मा एकदा मगरीने पळवला, आणि नंबर जुळत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. बाकीची नातवंडं खिदळली. हिने विचारलं, "मगरीचा नंबर किती होता?"

मला राग आला. एवढंसं कार्टं माझी थाप पकडतंय. दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी ही परत हजर. "आजी, नंबर?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरीला खरंच हवा होता. म्हटलं, उणे साडेचार. ती गेली खेळायला.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, हिला ऑटिझम आहे. मी म्हटलं, असेल. बोलण्यात आडपडदा नाही, एवढं मला ठाऊक आहे.

आता ती कंप्युटरवाल्यांच्या कंपनीत आहे. घरूनच काम करते, माझ्याच खोलीत. सहा महिने बघणार आणि मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार. कंपनीतल्या एका मिशाळ साहेबांनी दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिला होता. मशीनचं बटण दाबलं की रांगेतल्या नंबराची चिठ्ठी बाहेर येते. त्यांच्यात पद्धत अशी, की एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं आणि शेजारी शेरा मारायचा. नातीने एका ओळीपाशी लिहिलं, "इथे सात सेकंद थांबायला सांगितलंय. का?"

मिशाळांनी ती ओळच उडवली. वर लिहिलं, "काढली. झालं समाधान?"

हिने लिहिलं, "नाही."

सोमवारी दवाखान्यात पन्नास माणसांना पहिलाच नंबर मिळाला. नात म्हणते, अकरा. बरं, अकरा. पण अकराही जण दाराशी "मी पहिला" म्हणून भांडत होते, हे तिलाही कबूल आहे.

शुक्रवारी हिला कायम करायचं की नाही याची मीटिंग लागली. स्क्रीनवर दोघांच्या वरच्या मॅडम आणि मिशाळ. मला ताकीद होती, "आजी, तू चूं करायचं नाहीस." मी कोपऱ्यात उशीचा अभ्रा शिवत बसले.

"ही उर्मट आहे," मिशाळ म्हणाले. "काम चुकलंय असं सरळ सांगायचं ना. 'का?' असा टोमणा कशाला?"

"चुकलंय असं मी म्हटलं नव्हतं," नात म्हणाली.

"मग काय म्हणायचं होतं?"

"सात सेकंद का?"

"बघा मॅडम. अजून तेच."

मॅडम काहीतरी लिहायला लागल्या. एका शब्दापायी पोरीची नोकरी चालली होती. मी सुई अभ्र्यात खोचली आणि स्क्रीनपुढे तोंड घातलं.

"अहो साहेब, मीही असेच दोन दिवस फुकट फुगले होते." आणि त्यांना मगरीची गोष्ट सांगितली, थोडी लांबवूनच. "तिने विचारलंय तर सांगून टाका की."

"आजी," नात म्हणाली. मी मागे सरकले.

मिशाळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "खरंच विचारत होतीस?"

"हो. मला कळलं नव्हतं."

"त्या मशीनला चिठ्ठी कापायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात कोणी परत बटण दाबलं की ते गोंधळतं, पुन्हा एकपासून मोजतं. तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा कळलं. नर्सनं मला दोनदा गोळ्या देऊ केल्या."

"मग सातवा सेकंद?"

"म्हाताऱ्या माणसांना चिठ्ठी ओढायला वेळ लागतो ना." आता गडी खुलला होता. मशीनचं पातं कसं असतं ते त्याने हातवारे करून दाखवलं, आणि नात पुढे वाकून ऐकत राहिली.

"हे सगळं त्या ओळीशेजारी लिहून का नाही ठेवलंत?" मॅडमनी विचारलं.

"कोणी विचारलंच नव्हतं."

"ओळ परत घाला. कारणासकट." मग मॅडम नातीकडे वळल्या. "आणि तू सोमवारपासून कायम."

"का?" नात म्हणाली.

मॅडमच्या कपाळावर आठी आली, आणि गेलीही. "कारण तो प्रोग्राम चौघांनी वाचला होता. त्या ओळीपाशी तू एकटी थांबलीस."

"बरं," नात म्हणाली.

मॅडम गेल्या. मिशाळ घुटमळले. "आजी, आहात का? त्या मगरीचा नंबर किती निघाला शेवटी?"

मी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट बघितलं. खरंच विचारत होते.

"उणे साडेचार," माझ्याआधी नातीनेच सांगितलं.